वेताळाला ठसका लागला : जादूच्या गोष्टी लिहिताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या गोष्टीतला वेताळ बाराव्या शतकातला, थेट सोलापूरच्या संत सिद्धरामेश्वरांच्या काळातला. तळ्याकाठी बसून कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी हाणत होता. भाचीनं मध्येच विचारलं, "मामा, तेव्हा मिरची होती का?" नव्हती. भुईमुगाच्या शेंगाही नव्हत्या. दोन्ही अमेरिकेतल्या, पोर्तुगीज इकडे आले १४९८ मध्ये. वेताळ उडालेला पोरांना चालतो, पण चटणी चुकली की गोष्ट तिथंच बसते.

चटणी काढून टाकू नका. मी वेताळाला आठशे वर्षं झोपवलं आणि आजच्या सोलापुरात उठवलं. पहिल्या घासाला असा ठसका लागला, की तळं वीतभर आटलं.

दुसरी चूक म्हणजे इतिहास नुसता पडद्यासारखा मागे टांगणं. 'जुना किल्ला होता, त्यात भूत होतं.' मग तो कुठलाही किल्ला चालेल की! आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचं बघा. १५२४ मध्ये विजापूरच्या आदिलशहाच्या बहिणीचं लग्न अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झालं, हा किल्ला हुंड्यात कबूल झाला, पण दिलाच नाही; त्यावरून लढाया पेटल्या. पुढे निजामशाही घराण्यातली चांदबीबी विजापूरला सून म्हणून गेली, तेव्हा तोच किल्ला उलट्या दिशेनं हुंड्यात गेला. यात जादू किती घालायची? चिमूटभर. आंदणाची यादी घेऊन खंदकाशी ताटकळलेला एक मेलेला कारकून पुरे.

हा कारकून 'हा हा हा' करून हसला तर गोष्ट गेली. बहुतेक नवखे इथंच पडतात. भुतानं आपलं काम गंभीरपणे करायचं. रात्री फिरायला आलेल्याच्या मानेवर गार श्वास, आणि मागून अदबीनं, "पोच द्यायची राहिली आहे." तो माणूस वळून "काय करलालास बे?" म्हणतो, तेव्हा अंगावर काटा आणि हसू एकदम येतं. भुताला मात्र सोलापुरी बोलायला लावू नका, तो दरबारातला आहे.

आणि सगळाच इतिहास गमतीला घेऊ नका. सोलापूरच्या चार हुतात्म्यांचे पुतळे रात्री गप्पा मारतात, असं एक पान मी लिहिलं होतं. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेली माणसं ती. पान फाडलं.

कारकुनाची गोष्ट भाचीनं शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "त्याच्याकडं दोन याद्या पाहिजेत ना?"