फोनला हार्ड डिस्क जोडताना झालेली फजिती

फोनमधले व्हिडिओ थेट पोर्टेबल हार्ड डिस्कवर टाकायचे होते. ओटीजी अडॅप्टर (फोनच्या चार्जिंग पोर्टला यूएसबी उपकरण जोडणारा छोटा जोड) लावला, डिस्कचा दिवा लुकलुकला, आतून टक-टक आवाज आला आणि सगळं शांत. फोन ढिम्म. आधी अडॅप्टरवरच संशय घेतला, पण त्याच अडॅप्टरवर पेन ड्राइव्ह लगेच दिसला. म्हणजे खोट विजेची. यूएसबी २.० पोर्टकडून साधारण ५०० मिलिअँपिअर अपेक्षित असतात, फोन कधी तेवढेही देत नाही. फिरत्या तबकडीच्या डिस्कला सुरू होताना त्याहून जास्त लागतात. ती टक-टक म्हणजे मोटरची केविलवाणी धडपड! असं पुन्हा पुन्हा करू नका, डिस्क खराब होऊ शकते.

मग फोन आणि डिस्क यांच्यामध्ये स्वतःचा वेगळा चार्जर असलेला यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) जोडला, म्हणजे डिस्कला वीज त्यातून मिळेल. डिस्क फिरू लागली, पण आता फोन म्हणे, फॉरमॅट करा. घाईत 'हो' दाबलं असतं तर सगळा डेटा गेला असता. डिस्क एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीत) होती आणि माझ्या फोनला ते वाचता येत नव्हतं. कॉम्प्युटरवर बॅकअप घेऊन ती एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट केली. फॅट३२ ही जुनी पद्धत मुद्दाम टाळली, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आता व्हिडिओ निमूटपणे कॉपी होतात.