हद्दीपलीकडचा सिग्नल जुळवताना

दोन शेजारी शहरांना जोडणाऱ्या रस्त्यावर प्रत्येक शहराचे सिग्नल आपापल्या हद्दीत नीट चालत असूनही, हद्द ओलांडताच सगळी वाहने लाल दिव्यापुढे अडकत असतील, तर आधी दोन्हीकडची चक्रे तपासावीत. एका हिरव्या दिव्याच्या आरंभापासून पुढच्या हिरव्या दिव्याच्या आरंभापर्यंतचा काळ म्हणजे चक्र. ते एकीकडे ९० आणि दुसरीकडे १०० सेकंदांचे असेल, तर एकदा जुळलेले दिवे पुन्हा जुळायला १५ मिनिटे लागतात. म्हणून पहिल्या बैठकीत यंत्रखरेदीचा विषय न काढता सामाईक चक्र ठरवावे. ते सर्वांत गर्दीच्या चौकाला पुरेल इतके असावे. किरकोळ चौकाला त्याच्या निम्मे देता येते. दिवे चालवणारी यंत्रे, म्हणजे कंट्रोलर, वेगवेगळ्या बनावटीचे असले तरी चालते, घड्याळे मात्र जुळलेली हवीत. दोन्हीकडची यंत्रे जीपीएसवरून वेळ घेत असतील, तर केबल टाकण्यावाचूनही काम भागते.

यानंतर ऑफसेट काढावा, म्हणजे पुढचा दिवा किती सेकंदांनी हिरवा व्हायचा ते ठरवावे. हद्दीच्या दोन बाजूंच्या चौकांत ५०० मीटर अंतर असेल आणि वाहने ताशी ४५ किलोमीटर वेगाने जात असतील, तर सेकंदाला साडेबारा मीटर या हिशेबाने उत्तर ४० सेकंद येते. परंतु आडव्या रस्त्यावरून वळून आलेली सहा वाहने तिथे आधीच एका रांगेत उभी असतील, तर त्यांना निघायला प्रत्येकी सुमारे दोन सेकंद लागतात, आणि दिवा २८ व्या सेकंदालाच हिरवा करावा लागतो. ही सहा वाहने नकाशावर दिसत नाहीत, त्यामुळे दोन्ही शहरांच्या अभियंत्यांनी गर्दीच्या वेळी त्या चौकात एकत्र उभे राहावे, असा माझा आग्रह आहे.

खरी अडचण उलट दिशेची असते. चक्र ८० सेकंदांचे असेल, तर ४० सेकंदांचा ऑफसेट त्याच्या बरोबर निम्मा असल्याने तो दोन्ही दिशांना लागू पडतो. पण असा योग क्वचितच येतो, आणि वरची सहा वाहने मध्ये आली की तोही बिघडतो. मग सकाळी एका दिशेला आणि संध्याकाळी दुसऱ्या दिशेला झुकते माप द्यावे लागते. कोणत्या शहराकडे जाणाऱ्यांनी थांबायचे हा निव्वळ तांत्रिक प्रश्न नसल्यामुळे त्याचा निर्णय अभियंत्यांवर न सोडता लेखी करारात नोंदवावा. वेळापत्रक दोन्हीकडे एकाच मिनिटाला बदलावे, बिघाड झाल्यास कोणी कोणाला कळवायचे आणि परस्पर वेळा बदलायच्या नाहीत, हेही त्यातच लिहावे.

बदलापूर्वी आणि बदलानंतर ठरावीक वेळी त्याच रस्त्यावर अनेकदा गाडी चालवून प्रवासाची मिनिटे व थांबे नोंदवावेत. आडव्या रस्त्यांवरची आणि पादचाऱ्यांची प्रतीक्षाही मोजावी, कारण मुख्य रस्त्यावर वाचलेला वेळ पुष्कळदा त्यांच्याच वाट्यातून गेलेला असतो. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या माणसाला १८ मीटर रुंद रस्ता ओलांडायला १५ सेकंद लागतात. ऑफसेट जुळवण्यासाठी त्यांतला एकही सेकंद कापू नये.