फुल रेंज स्पीकरला खोकं कोणतं करावं?

फुल रेंज म्हणजे खर्जापासून बारीक सुरापर्यंत सगळा आवाज एकट्याने काढणारा ड्रायव्हर, म्हणजे खोक्यात बसवायचा नुसता स्पीकर. लाकूड कापण्याआधी त्याच्या माहितीपत्रकातले तीन आकडे वहीत उतरवून घ्या: एफएस (मोकळ्या हवेत पडदा ज्या कंपनसंख्येला आपोआप डोलतो ती), व्हीएएस (पडद्याच्या लवचिकतेइतकीच स्प्रिंग देणाऱ्या हवेचं आकारमान) आणि क्यूटीएस (त्या डोलण्याला किती कमी लगाम आहे तो आकडा). थील आणि स्मॉल या अभियंत्यांच्या नावाने ही मापं ओळखली जातात. मी सगळ्यात आधी क्यूटीएस बघतो. तो 0.2 च्या आसपास असेल तर हॉर्न (कर्ण्यासारखं रुंदावत जाणारं खोकं), 0.3 ते 0.4 असेल तर पोर्टवालं (हवेसाठी नळी ठेवलेलं) खोकं, 0.5 च्या जवळ बंद खोकं आणि 0.7 च्या वर गेला तर सरळ उघडी फळी, म्हणजे खोक्याशिवाय नुसती फळी. सीमा काटेकोर नाहीत, पण सुरुवात इथूनच करावी.

पहिल्यांदा करणाऱ्याला मी बंद खोकंच सांगतो. माझ्या चार इंची ड्रायव्हरचा क्यूटीएस 0.5 आणि व्हीएएस 10 लिटर. खोक्यात बसवल्यावर क्यूटीएस वाढतो; तो खोक्यातला क्यू 0.707 हवा, म्हणून 0.707 ला 0.5 ने भागा, वर्ग करा, एक वजा करा. उत्तर साधारण 1. त्याने व्हीएएसला भागलं की झालं 10 लिटरचं खोकं. मात्र 70 हर्ट्झचा एफएस त्यात 99 वर जातो, डग्ग्याची घुमक थोडी उणी पडते. खोकं भिंतीलगत सरकवलं की ती बरीच भरून येते. उघड्या फळीला उलट भिंतीपासून मीटरभर मोकळी जागा लागते. माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत ती कुठून आणू?

प्लाय 18 मिमीची घ्या. माझं पहिलं एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) खोकं रत्नागिरीच्या एकाच पावसाळ्यात कडांना फुगलं आणि सांधे उघडले. तेव्हा फार वाईट वाटलं होतं.