वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत जुना फोटो शोधताना

वर्डप्रेसवरची साइट दोन-तीन वर्षं नेमाने चालवली की मीडिया लायब्ररीत, म्हणजे साइटवर चढवलेल्या फोटो-फायलींच्या साठ्यात, काही हजार फायली सहज साठतात. मग गेल्या आषाढातला पालखीचा फोटो हवा असतो, आणि पहिली शंका येते ती सर्चवर. हा सर्च तसा भाबडा आहे. दिलेली अक्षरं तो चार ठिकाणी धुंडाळतो : फाइलचं शीर्षक, कॅप्शन, वर्णन आणि फाइलचं नाव. फाइलच्या नावातला शोध २०१६ मधल्या ४.७ आवृत्तीपासून आला. ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे चित्र दिसत नसेल तेव्हा त्याऐवजी वाचायच्या मजकुरात, तो बघतच नाही. त्यामुळे ऑल्ट टेक्स्ट मन लावून भरलाय आणि शीर्षक मात्र ‘आयएमजी-२०२४०८१५-डब्ल्यूए००१२’ असंच आहे, असा व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो शब्दाने सापडणार नाही.

शोधायला बसण्याआधी वरच्या डाव्या बाजूच्या दोन चिन्हांपैकी लिस्टचं चिन्ह दाबा. दुसरं चिन्ह ग्रिडचं, म्हणजे फोटोंच्या जाळीचं. ग्रिड डोळ्यांना बरा, पण कामाला लिस्ट बरी : कोणी चढवलं, कुठल्या लेखाला जोडलंय, तारीख कोणती, हे एका ओळीत दिसतं आणि कॉलमच्या नावावर टिचकी मारून क्रम बदलता येतो. एका पानावर २० फायली दिसतात. ‘स्क्रीन ऑप्शन्स’मधून हा आकडा १०० करा. ९९९ पर्यंत नेता येतो, पण स्वस्तातल्या होस्टिंगवर पान उघडेपर्यंत चहा होईल.

वर दोन ड्रॉपडाउन असतात, एक प्रकाराचा आणि एक महिन्याचा. ग्रिडमध्ये निवड केली की लगेच लागू होते. लिस्टमध्ये शेजारचं ‘फिल्टर’ बटण दाबावं लागतं, आणि ते विसरलं जातं. उलटा घोळही होतो : सकाळी ‘जून २०२३’ निवडलेलं तसंच राहतं, दुपारी सर्चच्या चौकटीत नाव टाकलं तर शोध फक्त त्या जूनमध्ये होतो आणि ‘काहीही सापडलं नाही’ येतं. काही सापडलं नाही की आधी दोन्ही ड्रॉपडाउन ‘ऑल’वर आहेत का ते बघा.

प्रकारात इमेज, ऑडिओ, व्हिडिओ यांच्याबरोबर डॉक्युमेंट, स्प्रेडशीट असे पर्याय येतात, पण त्या प्रकारची एखादी तरी फाइल असली तरच. फक्त पीडीएफ किंवा फक्त पीएनजी हवे असतील, तर सर्चच्या चौकटीत टिंब देऊन एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाच्या शेवटची प्रकाराची खूण) टाका. फाइलच्या नावात शोध होत असल्यामुळे हे चालतं. नाव साठवताना वर्ष आणि महिन्याचं फोल्डरही त्यासोबत साठतं, म्हणून ‘२०२३/०६’ हेही इंग्रजी आकड्यांत टाकून शोधता येतं. मात्र महिन्याचा फिल्टर आणि हे फोल्डर यांचं उत्तर नेहमी एकच येत नाही. फिल्टर बघतो फाइल चढवल्याची तारीख. २०१९ चा जुना लेख उघडून त्यातूनच आज फोटो चढवला, तर फाइल लेखाच्या तारखेनुसार २०१९ च्या फोल्डरात जाते आणि फिल्टरमध्ये आजच्या महिन्यात दिसते. फोटो काढला कधी, याच्याशी या दोघांचाही संबंध नाही.

आता मराठी शब्दांचं. एकाहून जास्त शब्द दिले तर ते सगळे त्या फाइलच्या माहितीत असावे लागतात, म्हणून जितके शब्द वाढवाल तितकं कमी सापडेल. आणि आपला शब्द विभक्ती लागली की रूप बदलतो, हे सर्चला ठाऊक नाही. कॅप्शन ‘शनिवारवाड्यात पर्यटकांची गर्दी’ असेल तर ‘शनिवारवाडा’ टाकून ते मिळणार नाही. ‘शनिवारवाड’ एवढंच टाका, म्हणजे वाडा, वाड्यात, वाड्यासमोर सगळं येईल. ‘पुणे’ऐवजी ‘पुण’, ‘रस्ता’ऐवजी ‘रस्त’. ‘देऊळ’ आणि ‘देवळात’ यांना मात्र एका शोधात पकडता येत नाही, दोनदा शोधा. ‘हिंदी’ आणि ‘हिन्दी’ हेही त्याच्या लेखी वेगळे शब्द.

अक्षरं शब्दाच्या पोटातही जुळतात, त्याची गंमत ‘वारी’ शोधताना कळते. जानेवारी येतो, फेब्रुवारी येतो, शनिवारी आणि रविवारी झालेले सगळे कार्यक्रम येतात. यावर तीन उपाय. एक, ‘पालखी’ किंवा ‘आषाढी’ असा नेमका शब्द धरा. दोन, नको त्या शब्दाआधी लगेच वजाचं चिन्ह द्या : वारी -जानेवारी -फेब्रुवारी. मधे जागा सोडली तर वजा लागू होत नाही. तीन, दुहेरी अवतरणचिन्हात आधी एक मोकळी जागा सोडून शब्द द्या : " वारी". मग आधी जागा असलेलीच ‘वारी’ मिळते. फक्त शीर्षकाचा पहिलाच शब्द ‘वारी’ असेल तर ती फाइल यातून निसटू शकते. अवतरणचिन्हं सरळ हवीत. वर्डमधून चिकटवलेली वळणदार चिन्हं सर्चला अवतरण वाटत नाहीत.

फोटो साइटवर डोळ्यांसमोर आहे, पण लायब्ररीत मिळत नाही, असंही होतं. फोटोवर राइट क्लिक करून तो नव्या टॅबमध्ये उघडा आणि पत्त्याचा शेवट बघा. समजा तिथे रोमन अक्षरांत ‘पालखी-सासवड-१०२४एक्स६८३’ आणि पुढे जेपीजी असं आहे. अख्खा पत्ता चिकटवाल तर काहीच मिळणार नाही. शेवटचं माप आणि एक्स्टेन्शन काढा, फक्त ‘पालखी-सासवड’ ठेवा. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या लहान-मोठ्या प्रती करतो आणि त्यांच्या नावात माप घालतो, पण लायब्ररीत नोंद मूळ फाइलचीच असते. २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो असेल तर ५.३ आवृत्तीपासून त्या नोंदीच्या नावाला ‘-स्केल्ड’ जोडलं जातं. एक्स्टेन्शनसकट शोधल्यावर असे फोटो हुकतात ते त्यामुळेच.

एफटीपीने (वर्डप्रेसला वगळून सर्व्हरवर फाइल पाठवायच्या पद्धतीने) थेट फोल्डरात टाकलेली फाइल लायब्ररीत कधीच दिसत नाही, कारण तिची डेटाबेसमध्ये नोंदच झालेली नसते. ती रीतसर चढवा किंवा सर्व्हरवरून नोंद करून घेणारं प्लगइन (वर्डप्रेसला वरून जोडायचं सॉफ्टवेअर) वापरा.

प्रकाराच्या ड्रॉपडाउनमधला ‘अनअटॅच्ड’ हा पर्याय सगळ्यात घातकी. त्याचा अर्थ ‘कुठेही न वापरलेली’ असा लावून लोक जागा मोकळी करायला सरसकट पुसतात, आणि दुसऱ्या दिवशी मुखपृष्ठावर लोगोच्या जागी तुटकं चौकोन. ‘अनअटॅच्ड’ म्हणजे एवढंच, की ती फाइल कुठल्याही लेखाच्या नावावर नोंदलेली नाही. लायब्ररीत थेट चढवून मग ब्लॉक एडिटरमधून लेखात घातलेला फोटो, लोगो, विजेटमधलं (साइटच्या कडेच्या किंवा तळाच्या चौकटीतलं) चित्र हे सगळं त्यात असू शकतं.

म्हणून पुसण्याआधी तपासा. लिस्टमध्ये फाइलवर टिचकी मारली की ब्राउझरच्या पत्त्यात ‘पोस्ट’ या शब्दापुढे तिचा क्रमांक दिसतो, समजा ४५१२. आता ‘पोस्ट्स’च्या यादीत जाऊन तिथल्या सर्चमध्ये रोमन लिपीत ‘डब्ल्यूपी-इमेज-४५१२’ टाका, मधल्या आडव्या रेघांसकट. लेखात घातलेल्या चित्राच्या कोडमध्ये ही खूण असते, त्यामुळे तो लेख वर येतो. ४५१२३ क्रमांकाचं चित्र असलेला लेखही येईल, तो नजरेने वगळा. मग हेच ‘पेजेस’मध्ये करा, आणि फाइलचं नाव टाकून पुन्हा एकदा. फीचर्ड इमेज (लेखाचं मुख्य चित्र), विजेट आणि थीमच्या सेटिंगमधली चित्रं यात सापडत नाहीत. ती हातानेच बघावी लागतात.

मीडियाला मुळात कचरापेटी नसते. ‘डिलीट पर्मनंटली’ दाबलं की मूळ फाइल आणि तिच्या सगळ्या प्रती सर्व्हरवरून जातात. सर्व्हरवरच्या ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘मीडिया_ट्रॅश’ हा स्थिरांक, रोमन मोठ्या अक्षरांत, ‘ट्रू’ केला तर कचरापेटी मिळते. हे सफाईच्या आधी करा.

नव्या फायली चढवताना नाव रोमन आणि शीर्षक मराठी ठेवा. देवनागरी नाव चालतं, पण लिंक कॉपी केली की एकेका अक्षराची आणि काना-मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात. ‘गणपती’ एवढ्या नावाची पंचेचाळीस. शीर्षकात ठिकाण, प्रसंग आणि वर्ष हवं : ‘पालखी, सासवड, २०२३’. आकडे देवनागरीत लिहायचे की इंग्रजीत, हे कचेरीत एकदा ठरवून टाका. फोल्डर करायची सोय मूळ वर्डप्रेसमध्ये नाही. फाइलबर्डसारख्या प्लगइनने ती मिळते, पण ते फोल्डर फक्त लायब्ररीत दिसण्यापुरते, सर्व्हरवर फाइल आहे तिथेच राहते. प्लगइन काढलं तर ती मांडणी दिसेनाशी होते, शीर्षकं मात्र राहतात.