गाडलेली नदी मॉडेलमध्ये शोधताना या चुका टाळा

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होती. तेव्हा मांडवी आणि झुआरी आजच्या मुखापाशी थांबत नव्हत्या, त्यांना पश्चिमेला आणखी बरंच अंतर कापावं लागे. गाडला गेलेला असा जुना प्रदेश आणि त्यातल्या नद्या संगणकावर पुन्हा उभ्या करणं म्हणजे हे मॉडेलिंग. गोव्यात ते शिकणाऱ्यांना मी याच नद्यांपासून सुरुवात करायला लावतो. तेलासाठी कोट्यवधी वर्षांपूर्वीचा प्रदेश उभा करतानाही चुका याच होतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे सायस्मिक छेदातली, म्हणजे जमिनीखाली ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून काढलेल्या थरांच्या चित्रातली, दरी जशीच्या तशी खरी मानणं. छेदाची उभी बाजू मीटरमध्ये नसते, लहर खाली जाऊन परत यायला लागलेल्या वेळेत असते. 200 मिलिसेकंद म्हणजे पाण्यात 150 मीटर, पण सेकंदाला 2,000 मीटर वेग असलेल्या गाळात 200 मीटर. त्यात चिखलात वायू अडकलेला असेल, जसा गोव्याच्या किनाऱ्यालगत आढळतो, तर लहरी मंदावतात आणि खालचे सपाट थर खचल्यासारखे दिसतात. तिथे दरी नसतेच. म्हणून आधी वेगाचं मॉडेल, म्हणजे कुठल्या थरात लहर किती वेगाने जाते हे, तपासा, मगच नदीची रेघ ओढा.

दुसरी चूक दाबाची. ताज्या चिखलात निम्म्याहून जास्त पाणी असतं, वरचं ओझं वाढलं की तो आक्रसतो. वाळू त्या मानाने कमी दबते. त्यामुळे चिखलाने वेढलेला, वाळूने भरलेला जुना नदीमार्ग आज चक्क उंचवट्यासारखा दिसू शकतो! वरून एकेक थर काढत जा, प्रत्येक वेळी खालचे थर फुगवा आणि ओझं हलकं झाल्यावर पृथ्वीचं कवच किती वर येईल तेही हिशेबात धरा.

एवढं करूनही नदी चढावर वाहताना दिसली, तर संगणकाला खड्डे बुजवण्याची आज्ञा देऊन मोकळे होऊ नका. माझा सगळ्यात जास्त आग्रह इथे असतो. चूक वेगात असेल, दाबात असेल, किंवा जमीन नंतर कलली असेल. बुजवलेल्या खड्ड्याबरोबर पुरावाही जातो. उताराच्या पायऱ्याही, म्हणजे नदीचा उतार जिथे अचानक तीव्र होतो त्या जागाही, गुळगुळीत करू नका. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रतळाखाली सुमारे दोन किलोमीटरवर गाडलेला, साधारण 5.5 कोटी वर्षांपूर्वीचा नद्यांचा प्रदेश सापडला. तिथली जमीन टप्प्याटप्प्याने उचलली गेली हे नद्यांच्या उतारातल्या अशा पायऱ्यांवरूनच कळलं.

मॉडेल जुळावं म्हणून नुसता झिजेचा गुणांक, म्हणजे नदी खडक किती सहज झिजवते तो आकडा, फिरवत बसणं हाही वेळेचा अपव्यय. जमीन दुप्पट वेगाने उचलली आणि गुणांकही दुप्पट केला, तर समतोल साधलेल्या नदीचा उतार तोच राहतो. मग नुसत्या आकारावरून जमीन उचलण्याचा वेग कसा ठरवणार? थरांचं वय तेलासाठी खोदलेल्या विहिरीतल्या सूक्ष्मजीवाश्मांवरूनच घ्या.

आणि नदीची वाळू सापडली म्हणजे तेल सापडलं असं नाही. तेल तयार करणारा खडक, तिथून येण्याची वाट, वर घट्ट झाकण आणि तेल अडेल असा सापळा, हे चारही वेगळे तपासावे लागतात. 1974 मध्ये सापडलेल्या मुंबई हायचं तेल तर मुख्यतः चुनखडीत आहे.