नाताळात मुलांच्या गिफ्टवर किती खर्च करायचा? पालकांनो, या चुका टाळा

मुलांच्या नाताळच्या भेटींवर किती खर्च करायचा, हा प्रश्न बहुतेक घरांत खरेदी होऊन गेल्यावर विचारला जातो. आधी वस्तू डोळ्यांत भरते, मग किंमत कळते आणि मग ती पगारात कशी बसवायची याची ओढाताण सुरू होते. माझं म्हणणं साधं आहे: आकडा आधी ठरवा, वस्तू नंतर. खाली ज्या चुका लिहिल्या आहेत, त्यातल्या बऱ्याचशा हा क्रम उलटा झाल्यामुळेच होतात.

मी नाशिकमधल्या मराठी ख्रिस्ती घरात वाढले आणि आता संडे स्कूलमध्ये शिकवते. आमच्याकडे नाताळ म्हणजे नवे कपडे, करंज्या-चकल्या-शंकरपाळ्यांचे डबे, दारावर कागदी चांदणी, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा आणि चर्चमधली उपासना. मुलांना भेट मिळायची, पण ती या सगळ्याच्या मागून यायची. आता ती सगळ्यांत पुढे आली आहे, आणि फक्त ख्रिस्ती घरांत नाही. इंदिरानगर, सिडको, गंगापूर रोडवरच्या कितीतरी हिंदू घरांतली मुलंही सांताला चिठ्ठ्या लिहितात. मला त्याचा आनंदच आहे. काळजी वाटते ती त्या चिठ्ठ्या वाचणाऱ्या आई-बाबांची.

बजेटमध्ये फक्त खेळणं धरणं

समजा, दोन मुलांसाठी मिळून २,००० रुपये मनात धरले. मोठ्याला ९९९ ची रिमोट कार, धाकटीला ८९९ चा किचन सेट. १,८९८ झाले, म्हणजे बसलं. पण कारचे सेल वेगळे, रिमोटचे वेगळे, त्याचे १४०. रॅपिंग पेपर आणि रिबन ८०. शाळेतल्या सीक्रेट सांतासाठी, म्हणजे चिठ्ठीत नाव निघेल त्या मुलाला गुपचूप द्यायच्या भेटीसाठी, दोघांचे ४००. सोसायटीतल्या पार्टीची वर्गणी ३००. शेजारच्या मुलांना चॉकलेट २५०. भाचीला रिकाम्या हाताने कसं भेटायचं, म्हणून ५००. झाले की नाही साडेतीन हजारांच्या वर? यात केक नाही, कपडे नाहीत, बाहेरचं जेवण नाही.

म्हणून बसायचं ते वही घेऊन, आणि सुरुवात जानेवारीपासून करायची. जानेवारीत शाळेच्या फीचा हप्ता आहे का? विम्याचा? गाडीचं पासिंग, घराचं कर्ज? हे सगळं, नेहमीचा घरखर्च आणि ठरलेली बचत बाजूला काढून जे उरतं, त्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम नाताळात जाऊ नये, असं माझं मत आहे. आणि या निम्म्यात केक, कपडे, वर्गणी आणि भेटी हे सगळं आलं. आकडा ५०० निघाला तर ५००. शंभर निघाला तर शंभर. चांगला खडूंचा डबा आणि कोऱ्या कागदांची वही तेवढ्यात येते आणि सहा वर्षांचं पोर त्यावर आठवडाभर रमतं.

आपल्या जिल्ह्यात पैसा कोणत्या महिन्यात हातात येतो, हेही बघायला हवं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत बोनस दिवाळीला मिळतो आणि दिवाळीतच संपतो. निफाड-दिंडोरीकडे डिसेंबरात द्राक्षाचे घड वेलीवर असतात. औषधं, फवारणी, मजुरी असा खर्चच खर्च चाललेला असतो आणि पैसा दिसतो तो बाग उतरल्यावर, बहुतेकांना फेब्रुवारी-मार्चमध्ये. अशा घरात डिसेंबरला छोटी भेट द्यावी आणि सायकलसारखी मोठी वस्तू माल गेल्यावर घ्यावी. बागायतदाराच्या घरातल्या मुलाला हंगाम समजावून सांगावा लागत नाही.

परदेशातले व्हिडिओ बघून मनात आकडा धरणं

झाडाखाली भेटींचा डोंगर, त्यावर झेप घेणारी मुलं, असे व्हिडिओ डिसेंबरभर मोबाईलवर फिरतात. गॅलप ही संस्था अमेरिकी लोकांना दरवर्षी विचारते की यंदा भेटींवर किती खर्च कराल. २०२४ मध्ये सरासरी उत्तर हजार डॉलरच्या थोडं वर आलं, म्हणजे तेव्हाच्या दराने ८० हजार रुपयांहून जास्त. पण हा अंदाज एका मोठ्या माणसाच्या सगळ्याच भेटींचा आहे, एकट्या मुलांसाठीचा नाही. शिवाय वर्षातली मोठी खरेदी तिकडे या एका सणाला होते. आपल्याकडच्या बहुतेक मुलांना दीड-दोन महिन्यांपूर्वी दिवाळीचे कपडे मिळालेले असतात, भाऊबीजेची पाकिटं मिळालेली असतात, आणि वाढदिवस वेगळाच. ज्या ख्रिस्ती घरात दिवाळीची खरेदी होत नाही, त्यांनी नाताळला हात थोडा सैल सोडला तर ते रास्तच आहे. पण दोन्ही सण तितक्याच खर्चाने करायला निघालात, तर आधी वर्षाचा मिळून एकच आकडा लिहा.

नो-कॉस्ट ईएमआयला फुकट समजणं

टॅबलेट, किड्स स्मार्टवॉच, महागडी इलेक्ट्रिक कार यांच्यापुढे ‘नो-कॉस्ट ईएमआय’, म्हणजे बिनव्याजी हप्ते, हे शब्द हमखास दिसतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते व्याज कुठेतरी दडवलेलं असतं. आज साधारण असं चालतं: बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट देऊन हिशेब जुळवतो. मात्र त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून जातो, बऱ्याचदा प्रोसेसिंग फीसुद्धा लागते, आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही. रक्कम फार मोठी नसते. मोठी अडचण वेगळी आहे: सहा महिन्यांच्या हप्त्यावर घेतलेलं खेळणं मार्चमध्ये मोडतं आणि हप्ता जूनपर्यंत चालू राहतो, नेमकी वह्या-पुस्तकं आणि गणवेश घ्यायची वेळ येईपर्यंत. मुलाच्या खेळण्यासाठी हप्ता करू नये, या मतावर मी ठाम आहे.

ऑनलाइन घेताना आणखी एक गोष्ट बघा. ‘फक्त २ शिल्लक’, ‘१० मिनिटांत ऑफर संपेल’ असं खोटंच दाखवून घाई करायला लावणं, तुम्ही न निवडलेली वस्तू गुपचूप कार्टमध्ये टाकणं, शेवटच्या पानावर एखादा चार्ज वाढवणं, या सगळ्याला २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने नियम काढून मनाई केली आहे. असं काही आढळलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

स्वस्त मिळालं म्हणून खूण न बघता घेणं

इथे जरा थांबून वाचा, कारण हा फक्त पैशाचा प्रश्न नाही. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. खोक्यावर मार्क आणि त्याच्याबरोबर ‘सीएम/एल’ने सुरू होणारा नंबर असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना खरा आहे की नाही ते दुकानात उभ्या उभ्या कळतं. नोंदणीकृत कारागिरांच्या हातच्या खेळण्यांना यातून सूट आहे, त्यामुळे लाकडी खेळण्यावर मार्क नसेल तर लगेच संशय घेऊ नका, फक्त रंग आणि कडा नीट बघा.

दिवे लागणारं, गाणं म्हणणारं छोटं खेळणं उलटं करून बघा. सेलचं झाकण नखाने उघडतंय का? तसं असेल तर ते लहान मूल असलेल्या घरात नकोच. झाकणाला स्क्रू हवा. आत बटणाएवढा चपटा सेल असतो. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतसुद्धा आतून गंभीर भाजल्यासारखी इजा होते. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायला न लावता थेट हॉस्पिटल गाठा. छोट्या लोहचुंबकाच्या गोळ्यांचंही तसंच. दोन-तीन पोटात गेल्या तर आतड्याच्या घड्या मध्ये चिमटून त्या गोळ्या एकमेकींना चिकटतात.

‘वाढत्या अंगाचं’ म्हणून मोठं घेणं

कपड्यांत हे चालतं, सायकलमध्ये नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला १२ इंची, पाच-सहाला १६, सात ते नऊला २०, त्यापुढे २४, हा ढोबळ अंदाज. खरं माप उंचीचं: सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. मोठी सायकल घेतली की मूल घाबरतं आणि चार-पाच हजारांची वस्तू जिन्याखाली धूळ खाते. म्हणून मुलाला बरोबर न्या. सरप्राइज गेलं तरी चालेल.

आणि थंडीचं काय? डिसेंबरात निफाडचा पारा किती उतरतो ते आपण दरवर्षी पेपरात वाचतो. शरणपूर रोडवरच्या तिबेटियन मार्केटमधून मुलाने स्वतः निवडलेलं स्वेटर ही उत्तम भेट आहे, फक्त रंग त्याला ठरवू द्या. वाचणाऱ्या मुलाला सावानाचं, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं, सभासदत्व द्या. १८४० पासून चालत आलेलं वाचनालय आपल्या गावात आहे.

आजी-आजोबा, मामा, आत्या यांच्याशी न बोलणं

जोएल वाल्डफोगेल या अर्थतज्ज्ञाने १९९३ मध्ये नाताळच्या भेटींवर एक गाजलेला निबंध लिहिला. घेणाऱ्याच्या लेखी भेटीची किंमत, देणाऱ्याने मोजलेल्या पैशांपेक्षा साधारण एक दशांश ते एक तृतीयांश कमी भरते, असं त्याने मांडलं. लांबच्या आणि वडीलधाऱ्या नातेवाइकांच्या भेटींत ही घट जास्त, मित्रांच्या भेटींत कमी. कारण उघड आहे, मुलाला सध्या काय आवडतं ते त्यांना ठाऊक नसतं. तेव्हा आजोबांना संकोच न करता फोन करा. “बाबा, तिच्याकडे बाहुल्या पुष्कळ आहेत, यंदा रंगांची पेटी आणा ना,” असं म्हटल्याने कोणी रागावत नाही, उलट काय आणायचं हा त्यांचा प्रश्न सुटतो.

तरीही ढीग जमलाच, तर सगळं एकाच सकाळी उघडू देऊ नका. टोलेडो विद्यापीठात २०१८ मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांचं निरीक्षण झालं. समोर १६ खेळण्यांऐवजी ४ असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आपल्याकडे वाटून द्यायला सोयीची तारीख आहेच: ६ जानेवारी, मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, बाळ येशूच्या दर्शनाला आले त्याची आठवण. स्पेनमध्ये मुलांच्या मोठ्या भेटी त्याच दिवसाच्या. मामाचं गिफ्ट त्या दिवसापर्यंत कपाटात राहिलं तर त्याचं कौतुक वाढतंच, आणि त्या दिवसाची भेट अजून घ्यायची असेल तर २५ नंतर सेल लागतात त्याचा फायदाही होतो.

भावंडांत रुपयाला रुपया जुळवत बसू नका. आठ वर्षांच्या आतली मुलं पाकिटं मोजतात, किंमत नाही. मोठ्यांना फरक का आहे ते सांगा.

शाळेच्या सीक्रेट सांतासाठी मर्यादा ठरलेली नसेल, तर नोव्हेंबरच्या पालकसभेतच विषय काढा. शंभर-दीडशेची मर्यादा कोणी सुचवली की बाकीचे पालक लगेच माना डोलावतात, प्रत्येकाला तेच हवं असतं.

मुलापासून पैशाची गोष्ट लपवणं

संडे स्कूलमध्ये नाताळनंतरच्या रविवारी कोणाला काय मिळालं ते मुलं सांगतात. एकाला सांताने टॅबलेट दिला, दुसऱ्याला खडू. दुसरा विचारतो, “टीचर, मी कमी चांगला वागलो का?” या प्रश्नाला उत्तर देणं फार अवघड जातं. म्हणून माझी सगळ्या पालकांना कळकळीची विनंती आहे: महागडी वस्तू आई-बाबांच्या नावाने द्या, सांताच्या मोज्यात चॉकलेट, पेन्सिल, छोटं पुस्तक एवढंच ठेवा. मग तुलना झाली तरी ती मुलाच्या वागण्यावर घसरत नाही.

दुकानासमोर उभं राहून “तुला काय हवं?” असं विचारू नका. घरी, आठ-दहा दिवस आधी, तीन इच्छा लिहायला सांगा आणि त्यातली जमेल ती एक आणा. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलाला सरळ आकडा सांगा: “गिफ्टसाठी आपले ८०० रुपये आहेत. त्यात बसेल ते तू निवड.” थोडी कुरकुर होईल. मग ते स्वतः किमती बघायला लागतं, आणि निवडलेली वस्तू जपून वापरतं.

खर्च होऊन गेला असेल तर

क्रेडिट कार्डाचं बिल आलं की ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, तेवढीच भरून मोकळं होऊ नका. उरलेल्या रकमेवर महिन्याला साधारण ३ ते पावणेचार टक्के व्याज चढतं, आणि पूर्ण बिल भरेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. एखादी छोटी एफडी मोडून किंवा घरातल्या माणसाकडून घेऊन ते बिल आधी मिटवा. न उघडलेली खेळणी बिलासकट लगेच बदलून घ्यायला न्या, दुकानदार मुदत फार देत नाहीत. दोन सारखी आली असतील तर एक पुढच्या वाढदिवसाला जपून ठेवा.

आणि जानेवारीतच पुढच्या नाताळची भिशी लावा किंवा बँकेत डिसेंबरआधी पूर्ण होईल अशी आरडी, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम भरायची ठेव, काढा. अकरा महिने महिना २०० रुपये टाकले तरी डिसेंबर उजाडेपर्यंत २,२०० आणि आरडी असेल तर वर थोडं व्याज हातात असतं. हे पैसे यूपीआय जोडलेल्या खात्यात ठेवू नका, तिथे ते पावसाळ्यापर्यंतही टिकत नाहीत.