लिंबाने सफाई: कुठे करावी, कशी करावी आणि कुठे मुळीच करू नये

नळावर साचलेला पांढरा थर साबणाने कितीही घासला तरी हटत नाही. ते पाण्यातले क्षार असतात, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते आम्लानेच विरघळतात. लिंबाच्या रसात साधारण ५ ते ६ टक्के सायट्रिक आम्ल असतं. क्षार, हलका गंज, तांब्यावरचा काळपटपणा ही लिंबाची खरी कामं. तेलकट मळाला साबणच हवा.

नळ आणि शॉवर

१. नळ आधी साबणाने धुऊन घ्या. वर चिकटपणा राहिला तर रस क्षारापर्यंत पोहोचत नाही.

२. अर्धं लिंबू तोटीच्या तोंडावर दाबून बसवा आणि रबरबँडने अडकवा. बाकीच्या भागाला रसात भिजवलेलं फडकं गुंडाळा. तोटीची जाळी फिरवून निघत असेल तर ती काढून वाटीभर रसात बुडवून ठेवलेली उत्तम.

३. १५ ते २० मिनिटं थांबा. क्षार विरघळताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे बारीक बुडबुडे कधीकधी दिसतात.

४. जुन्या टूथब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा, कोरडं पुसा.

थर जाड असेल तर एका खेपेत जाणार नाही. अशा वेळी लिंबू रात्रभर ठेवू नका, हीच कृती दोन-तीनदा करा, कारण आम्ल फार वेळ राहिलं तर मुलाम्याची चमक जाते. सोनेरी मुलाम्याच्या नळांना तर लिंबू लावूच नये.

पाणी उकळायची किटली

लिटरभर पाण्यात दोन लिंबांचा रस गाळून घाला. बिया आणि चोथा आत जाऊ देऊ नका. उकळी आणा, बंद करा आणि अर्धा ते एक तास तसंच राहू द्या. मग ओतून, विसळून, एकदा साधं पाणी उकळून फेकून द्या. तळाला खूप जाड पापुद्रा असेल तर लिंबं वाया घालवण्यापेक्षा सायट्रिक आम्लाचे स्फटिक आणावेत असं माझं मत आहे. लिटरभर गार पाण्यात एक-दोन मोठे चमचे पुरतात, आणि आम्ल तेच.

तांब्याची भांडी

इथे लिंबू सर्वांत झटपट काम करतं. अर्ध्या लिंबावर मीठ घेऊन भांडं गोल गोल घासा. काळपट थर म्हणजे कॉपर ऑक्साइड, तो आम्लात विरघळतो आणि मिठाने त्याला जोर येतो. भांडं लगेच धुऊन पूर्ण कोरडं करा, ओलं राहिलं तर डाग पुन्हा उमटतात. वरून लॅकर (पारदर्शक रोगण) दिलेल्या शोभेच्या वस्तूंवर मात्र हा प्रयोग नको.

चॉपिंग बोर्ड आणि मायक्रोवेव्ह

मासळीचा वास अमाइन नावाच्या ज्या रसायनांमुळे येतो ती अल्कधर्मी असतात. आम्लाशी जुळली की त्यांचं लवण (मिठासारखा पदार्थ) बनतं, ते हवेत उडत नाही आणि वास थांबतो. म्हणून बोर्डावर मीठ भुरभुरून लिंबाने चोळा, पाच मिनिटांनी धुवा. मात्र एवढ्याने जंतू मरतात असं समजू नका. गरम पाणी आणि साबणाने बोर्ड धुवायचाच आहे. मायक्रोवेव्हमध्ये वाडगाभर पाण्यात लिंबाच्या चकत्या घालून तीन-चार मिनिटं गरम करा, दार पाच मिनिटं बंद ठेवा आणि वाफेने सैल झालेला मळ पुसून घ्या. वाडगा काढताना जपून, पाणी फार तापलेलं असतं.

इथे लिंबू नको

संगमरवर, चुनखडीचा दगड आणि संगमरवराचे तुकडे घातलेली फरशी यांच्यापासून लिंबू दूर ठेवा. नळावरच्या थरात आणि संगमरवरात मूळ पदार्थ एकच, कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू दोन्हींना सारखंच खातं. एकदा मंद पडलेला दगड पॉलिश केल्याशिवाय पूर्ववत होत नाही. ॲल्युमिनियम आम्लाने खराब होतं आणि बिडाच्या भांड्यावरचा तेलाचा लेप उतरतो.

ब्लीचसोबत लिंबू कधीही, थोडंसुद्धा, मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. खाण्याचा सोडा घातल्याने धोका नाही, पण उपयोगही फारसा नाही: फेस भरपूर येतो आणि दोघं एकमेकांचा जोर मारतात. वापरायचेच असतील तर वेगवेगळे वापरा.

काम झाल्यावर हात साबणाने धुऊन मगच उन्हात जा. लिंबाचा रस लागलेली त्वचा उन्हात भाजल्यासारखी लाल होते, फोडही येतात.

पिळलेल्या फोडींची सालं टाकू नका. बरणीवरच्या लेबलचा चिकट डिंक साबणाला दाद देत नाही, पण सालीतल्या तेलात असलेलं लिमोनीन तो मऊ करतं. साल पिवळ्या बाजूने चोळा, थोडं थांबा आणि फडक्याने ओढून काढा. उरलेला रस दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये टिकतो. पाण्यात मिसळून बाहेर ठेवला तर त्यावर बुरशी धरते, म्हणून फवाऱ्याची बाटली लागेल तेवढीच भरा.